लिखित सोलो आणि ऐकलेला सोलो : कोलमन हॉकिन्स व लेस्टर यंग यांच्या वादनाच्या अभ्यासातील संहितेचा प्रश्न

प्रास्ताविक :

पाश्चात्त्य अभिजात संगीतात संहिता कोणती, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. संगीतकाराने लिहिलेला कागद ही संहिता आणि वादकाने केलेले वादन हा तिचा आविष्कार, अशी व्यवस्था तेथे फार पूर्वी निश्चित झालेली आहे. जॅझ संगीतात हा क्रम उलटा होतो. तेथे वादन आधी घडते, त्याची तबकडी निघते आणि ती पुन्हा पुन्हा ऐकून कोणीतरी ते वादन कागदावर उतरवून काढतो. १९३० ते १९४५ या कालखंडात अमेरिकेत बहरलेल्या स्विंग संगीतातील सॅक्सोफोनचे गाजलेले सोलो आज अभ्यासकाला या दोन्ही रूपांत उपलब्ध आहेत : एक मूळ ध्वनिमुद्रण आणि दुसरे त्यावरून केलेले, छापील पुस्तकांतून मिळणारे स्वरलेखन. यांपैकी कशावरून शिकावे, यावर वादकांमध्ये जुना वाद आहे. कानाने शिकलेलेच खरे, कागद ही पळवाट, असे एक पक्ष म्हणतो; तर कागदामुळे वेळ वाचतो आणि चूक टळते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. मार्ग कोणताही घेतला तरी शेवटी हाती येणारा सोलो एकच असतो, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. त्यासाठी दोन सोलो निवडले आहेत : कोलमन हॉकिन्स यांचा ‘बॉडी अँड सोल’ (१९३९) आणि लेस्टर यंग यांचा ‘लेडी बी गुड’ (१९३६). दोघेही टेनर सॅक्सोफोनचे वादक. दोन्ही मूळ गीते बत्तीस बारांची, आठ-आठ बारांच्या चार भागांत विभागलेली. रचनेच्या ठरलेल्या कॉर्डक्रमाच्या एका पूर्ण आवर्तनाला जॅझमध्ये कोरस म्हणतात आणि त्या क्रमावर वादकाने केलेली उपज म्हणजे सोलो. दोन्ही वादकांनी येथे दोन-दोन कोरस वाजविले आहेत, म्हणजे दोन्ही सोलो चौसष्ट बारांचे आहेत. इतके साम्य असूनही कागदावर उतरताना या दोन सोलोंची गत अगदी वेगळी होते.

हॉकिन्स यांचा सोलो : कागदाला मानवणारे वादन

हॉकिन्स १९३४ मध्ये युरोपात गेले आणि १९३९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत परतले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क येथे ब्लूबर्ड कंपनीसाठी त्यांनी ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले. जॉनी ग्रीन यांची १९३० मधील ही चाल तोपर्यंत सर्वांच्या परिचयाची झालेली होती. पियानोवादक जीन रॉजर्स यांचे चार बारांचे प्रास्ताविक संपताच हॉकिन्स सुरू होतात आणि तबकडी संपेपर्यंत, सुमारे तीन मिनिटे, सर्वस्वी तेच वाजवीत राहतात. मूळ चालीचा आभास पहिल्या एकदोन बारांत होतो न होतो तोच ते ती सोडून देतात. गाजलेल्या गीताची चाल जवळजवळ न वाजविता त्या गीताची तबकडी लोकप्रिय व्हावी, ही गोष्ट त्या काळातच नव्हे, नंतरही दुर्मीळच राहिली.

चाल सोडून हॉकिन्स ज्याला धरतात तो कॉर्डक्रम होय. मूळ पट्टी डी फ्लॅट मेजर. टेनर सॅक्सोफोनवादकाच्या कागदावर ती ई फ्लॅट मेजर होते. गीताच्या मधल्या आठ बारांत ही पट्टी अर्धस्वराने वर सरकते, तेथून खाली सी मेजरमध्ये येते आणि मग पुन्हा मूळ जागी परतते. लय मिनिटाला नव्वद मात्रांच्या आसपास, म्हणजे संथ. या संथ लयीत हॉकिन्स प्रत्येक कॉर्डचे घटकस्वर उलगडतात, दोन कॉर्डच्या मध्ये जोड-कॉर्ड घालतात आणि मात्रेचे चार-चार तुकडे करीत दुप्पट लयीचा भास निर्माण करतात. आपल्याकडील श्रोत्याला हे वादन संथ ठेक्यावर चाललेल्या तानेसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु तानेला रागाची चौकट असते. येथे प्रत्येक दोन मात्रांना चौकटच बदलत असते.

अशा वादनाचा अभ्यास करणाऱ्याला कागदाचा मोठाच आधार होतो. मधल्या आठ बारांतील एखादी स्वरावली कानाला केवळ वळणदार वाटते. कागदावर, कॉर्डच्या चिन्हाखाली ती मांडली की कोणता स्वर कोणत्या कॉर्डचा, कोणता पुढच्या कॉर्डची चाहूल देणारा आणि कोणता दोहोंना सांधणारा, याचा उलगडा होतो. हॉकिन्स यांची विचारपद्धती उभ्या रचनेची आहे आणि कागद ही उभी रचना एका दृष्टिक्षेपात दाखवितो. ते बालपणी पियानो आणि चेलो शिकले होते आणि फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात सुमारे एक दशक लिखित संयोजने वाजवीत होते, हे येथे आठवते. तथापि चरित्रावरून शैलीचे स्पष्टीकरण काढण्याचा मोह आवरावा हे बरे. हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात वाचन येणारे इतरही अनेक होते आणि त्यांपैकी कोणी हॉकिन्स झाला नाही.

अर्थात कागदावर येथेही सर्व काही येत नाही. पहिल्या कोरसमधील पुटपुटल्यासारखा, रीडवरून हवा घसरत जाणारा ध्वनी आणि दुसऱ्या कोरसच्या अखेरीस येणारा भरदार, ताणलेला ध्वनी यांच्यामधील चढण हा या सोलोचा खरा आकार आहे. छापील प्रतीत त्यासाठी फार तर दोनचार चिन्हे असतात. पण तरीही, एखाद्या कुशल वादकाने मूळ तबकडी कधीही न ऐकता केवळ छापील प्रतीवरून हा सोलो पियानोवर वाजविला, तरी त्यातील बुद्धिमत्ता श्रोत्याला जाणवेल. एडी जेफरसन या गायकाने पुढे या संपूर्ण सोलोवर शब्द रचले आणि तो गायिला. सॅक्सोफोनपासून तुटूनही तो सोलो उभा राहिला, याचा अर्थ त्याचे बरेचसे सत्त्व स्वरांच्या क्रमातच आहे.

लेस्टर यंग यांचा सोलो : कागदावर उरते ते काय?

१९३६ मध्ये शिकागो येथे ‘जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड’ या नावाने पाच वादकांनी काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. पियानोवर काउंट बेसी, बासवर वॉल्टर पेज, ड्रम्सवर जो जोन्स, ट्रम्पेटवर कार्ल स्मिथ आणि टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. यंग यांचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण. ‘लेडी बी गुड’ ही जॉर्ज गर्श्विन यांची १९२४ मधील चाल. तिचा कॉर्डक्रम ‘बॉडी अँड सोल’च्या मानाने अगदीच सरळ.

या सोलोचे छापील लेखन प्रथम पाहणाऱ्याची निराशा होते. स्वर थोडे, त्यांतील बरेचसे एकाच पट्टीतले, उड्या बेताच्या, कठीण असे काही नाही. दोनतीन वर्षे शिकलेला विद्यार्थीही आठवड्याभरात ते वाजवू शकतो. आणि वाजविल्यावर ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की या वादनाचा एवढा गौरव का झाला?

कागदावर न आलेल्या गोष्टी कोणत्या, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. पहिली गोष्ट काळाची. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन स्वर कागदावर समान लिहिलेले असले तरी पहिला लांब आणि दुसरा आखूड वाजवावयाचा, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते. किती लांब, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रम या स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये, नंतरच्या काळातील जॅझ ध्वनिमुद्रणांवर केलेल्या मोजणीत असे दिसून आले, की ड्रम्सवादकाचे हे प्रमाण संथ लयीत साडेतीनास एक इतके असते आणि जलद लयीत ते कमी होत होत जवळजवळ समसमान होते. सोलोवादकाचे प्रमाण ड्रम्सवादकाहून कमी असते. शिवाय त्याचा मात्रेवरचा स्वर ड्रम्सच्या किंचित मागून येतो आणि मात्रेमधला स्वर मात्र ड्रम्सशी जुळतो. पुस्तकांतून सांगितले जाणारे ‘दोनास एक’ हे प्रमाण म्हणजे सोयीसाठी केलेली सरासरी होय. यंग यांच्या वादनाचा सारा डौल या सरासरीपासून ढळण्यात आहे. त्यांचे वाक्य आठ बारांच्या सांध्यावर संपत नाही. ते सांधा ओलांडून जाते, पुढच्या भागात कोठेतरी थांबते आणि मग मोकळी जागा येते. त्या मोकळ्या जागेत पेज यांचा बास आणि जोन्स यांची झांज चालूच असते. छापील प्रतीत तेथे विरामचिन्ह दिसते. तबकडीवर तेथे संगीत चाललेले असते.

दुसरी गोष्ट ध्वनीच्या रंगाची. सॅक्सोफोनवर काही स्वर एकाहून अधिक प्रकारे बोटे ठेवून काढता येतात. स्वर तोच, परंतु एका ठेवणीत ध्वनी मोकळा आणि दुसरीत दबलेला, किंचित नाकातून आल्यासारखा येतो. १९३० च्या दशकाअखेरच्या ध्वनिमुद्रणांत यंग यांनी एकच स्वर आळीपाळीने अशा दोन ठेवणींनी वाजवून त्यातून तालाचा खेळ निर्माण केल्याचे ऐकू येते. कागदावर याचे काय होते? एकच टिंब चार वेळा, सहा वेळा येते. काही संपादक टिंबांवर अधिक चिन्हे देऊन फरक दाखवितात, पण ज्याने तो ध्वनी ऐकलेला नाही त्याला त्या चिन्हांचा उपयोग नाही, आणि ज्याने ऐकलेला आहे त्याला त्यांची गरज नाही. अर्धवट उच्चारून सोडलेल्या स्वरांविषयीही असेच म्हणता येईल. असे स्वर एका पुस्तकात कंसात येतात, दुसऱ्यात गाळले जातात. दोन्ही संपादक आपापल्या कानाशी प्रामाणिकच असतात.

येथून समीक्षेपुढे एक अडचण उभी राहते. गुंथर शुलर यांच्या ‘अर्ली जॅझ’ (१९६८) आणि ‘द स्विंग एरा’ (१९८९) या ग्रंथांनी जॅझच्या अभ्यासाला शास्त्रशुद्ध बैठक दिली, हे निर्विवाद. ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेली स्वरलेखने हा त्या बैठकीचा मुख्य आधार होता. शुलर स्वतः वाद्यवृंदात वाजविलेले आणि चोखंदळ कानाचे अभ्यासक असल्याने त्यांचे विवेचन केवळ कागदावर थांबत नाही. त्यांच्या मागून आलेल्या विद्यापीठीय लेखनात मात्र कागदच पुरावा होऊन बसला. ज्याचे उदाहरण छापता येते त्याविषयी पाने लिहिली जातात आणि जे छापता येत नाही त्यासाठी एखादे विशेषण वापरले जाते. म्हणून हॉकिन्स यांच्याविषयी लिहिताना समीक्षक त्यांनी काय केले ते सांगू शकतो. यंग यांच्याविषयी लिहिताना त्यांनी काय केले नाही, तेच सांगत बसतो. कॉर्ड उलगडले नाहीत, स्वर भरले नाहीत, कंप फारसा दिला नाही. मोठ्या कलावंताची ओळख अशी नकारांच्या यादीतून व्हावी, हा त्या कलावंताचा दोष नसून पुराव्याच्या साधनाचा आहे. जर्मनीतील वायमार येथील प्रकल्पाने ४५६ जॅझ सोलोंचे स्वरलेखन संगणकीय विश्लेषणासाठी सिद्ध केले, त्यात प्रत्येक स्वराच्या प्रत्यक्ष आरंभकाळाची नोंद आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. काळाचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटतो. रंगाचा प्रश्न त्यानंतरही पुष्कळसा शिल्लक राहतो.

तबकडीचीही एक लिपी :

तथापि कागदाला नाकारून तबकडीला प्रमाण मानणाऱ्यांनी तबकडीकडेही चिकित्सकपणे पाहावयास हवे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, म्हणून ‘बॉडी अँड सोल’ दोन कोरसांत संपते. क्लबमध्ये अशी मर्यादा नसे. तबकडी कापणारे आणि वाजविणारे यंत्र एकाच वेगाने चालेल याची खात्री नव्हती, त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणाची पट्टी कधी कधी किंचित वर वा खाली सरकलेली असते आणि तिच्याशी सूर जुळविताना विद्यार्थ्याचा कान गोंधळतो. बास आणि ड्रम्स पुसट येतात. ज्या पायावर यंग आपला काळ तोलतात तो पायाच अस्पष्ट ऐकू येतो.

कठीण जागा समजून घेण्यासाठी तबकडी संथ फिरविण्याची युक्ती जुनी आहे. ३३ १/३ फेऱ्यांची तबकडी १६ २/३ फेऱ्यांवर लावली की वेग निम्मा होतो आणि स्वर नेमका एक सप्तक खाली उतरतो. ही सोय अभ्यासकांना वरदान ठरली. मूळ ७८ फेऱ्यांची तबकडी ३३ १/३ फेऱ्यांवर लावली तर मात्र स्वर एक सप्तक आणि वर सुमारे पावणेतीन अर्धस्वर इतका खाली येतो, म्हणजे तो कोणत्याच पट्टीत धड बसत नाही. आज संगणकाच्या साहाय्याने स्वर तसाच ठेवून वेग हवा तेवढा कमी करता येतो. यातून स्वर निश्चितच सापडतात. परंतु स्वराचा आरंभ, जिभेचा आघात, दोन स्वरांमधला सांधा हे सारे त्या प्रक्रियेत पसरट होते आणि पुष्कळदा नेमके तेच शिकावयाचे असते. संथ केलेली तबकडी म्हणजे पुन्हा एक प्रकारचा कागदच, असे म्हणावयास हरकत नाही.

या संदर्भात लेनी ट्रिस्टानो यांची शिक्षणपद्धती उल्लेखनीय ठरते. न्यूयॉर्कमध्ये शिकविणारे हे अंध पियानोवादक आपल्या विद्यार्थ्यांना यंग आणि इतरांचे सोलो प्रथम गावयास लावीत. आधी तबकडीबरोबर, मग तबकडीवाचून. श्वास आणि आघात यांसह सोलो गळ्यात बसला म्हणजेच वाद्य हातात घ्यावयाचे. ली कोनिट्झ आणि वॉर्न मार्श हे सॅक्सोफोनवादक या शिस्तीत तयार झाले. गळ्याला बोटांची सवय नसते आणि डोळ्यांसमोर टिंबे नसतात, त्यामुळे विद्यार्थ्याला स्वरांचा अंदाज बांधून पुढे सरकता येत नाही, वाक्य संपूर्ण धरावे लागते. चार्ली पार्कर यांनी १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगराळ प्रदेशातील मुक्कामात तबकड्यांवरून यंग यांचे सोलो पाठ केल्याचे त्यांच्या चरित्रांतून नमूद आहे. पार्कर यांचे वाद्य आल्टो, ध्वनी धारदार. यंग यांचा मऊ ध्वनी त्यांनी उचलला नाही. त्यांनी उचलली ती वाक्यरचना. खुद्द यंग यांनीही सी-मेलडी सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रमबाउर यांच्या तबकड्यांपासून आपण शिकल्याचे सांगितले होते, आणि वडिलांच्या बँडमध्ये लहानपणी कागद न वाचता कानाने वाजविल्याबद्दल त्यांना बाहेर काढले गेल्याची आठवणही त्यांनीच सांगितलेली आहे. ट्रमबाउर ते यंग, यंग ते पार्कर ही परंपरा कागदाला न शिवता पुढे गेली.

मुंबई : वाचन आधी, उपज नंतर

याच काळात मुंबईत परिस्थिती नेमकी उलट होती, म्हणून तिचा विचार येथे आवश्यक ठरतो. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईतील हॉटेलांच्या बँडमध्ये आले ते लिपीवाचनात तरबेज होऊनच. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे वादकही येथे रमले. त्यांच्या वादनातून आणि आयात तबकड्यांतून येथील वादकांना स्विंगची ओळख झाली. छापील बँड-संयोजनांत सोलोच्या जागी कधी केवळ कॉर्डची चिन्हे असत, तर कधी सोलोही लिहूनच दिलेला असे. वाचन येणाऱ्याला लिहिलेला सोलो वाजविणे सोपे. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट किंवा मुंबईचे पारशी टेनर सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन (मूळ नाव कावसजी खटाऊ) यांनी मात्र आपले नाव कमावले ते लिहिलेल्यापलीकडे जाऊन. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांना पुढे जे अनिवार्य स्थान मिळाले त्याचे एक प्रमुख कारण त्यांचे वाचनकौशल्य होते. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील स्विंगचा बाज मराठी श्रोत्याला परिचितच आहे. कागद हा उपजेचा शत्रू आहे, हे विधान मुंबईच्या या इतिहासापुढे टिकत नाही. कागदाने त्यांना दार उघडून दिले. आत काय करावयाचे ते तबकडीने आणि ताजमध्ये ऐकलेल्या वादनाने शिकविले.

पाठ केलेला सोलो आणि त्याचा कर्ता :

एक प्रकार असा आहे, की जेथे कागद आणि तबकडी हा भेदच मावळतो. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदाने १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘फ्लाइंग होम’मधील इलिनॉय जॅके यांचा सोलो इतका लोकप्रिय झाला, की तो त्या रचनेचाच भाग बनला. जॅके यांनी वाद्यवृंद सोडल्यावर त्यांच्या जागी आलेल्या आर्नेट कॉब आदी वादकांकडूनही श्रोत्यांची अपेक्षा त्याच सोलोची असे. उपज म्हणून जन्मलेली गोष्ट येथे रचना झाली आणि ती पाठ असणे ही नोकरीची गरज ठरली.

हॉकिन्स यांच्यावर असा प्रसंग आला तेव्हा ते वेगळे वागले. ‘बॉडी अँड सोल’ची मागणी त्यांच्याकडे पुढे सतत होत राहिली. त्यांनी ते गीत अनेकदा वाजविले, पण १९३९ चा सोलो जसाच्या तसा पुन्हा वाजविण्याची प्रथा पाडली नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्यासह तरुण वादकांना बरोबर घेऊन त्यांनी त्याच कॉर्डक्रमावर ‘रेनबो मिस्ट’ ध्वनिमुद्रित केले. छापील प्रत समोर ठेवून ही तबकडी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला कॉर्ड ओळखीचे लागतात, मधल्या आठ बारांतील अर्धस्वराची चढण आणि नंतरचा उतार त्याच ठिकाणी सापडतात, आणि त्या ठिकाणी पोहोचताच हॉकिन्स १९३९ मध्ये पाठ करून ठेवण्याजोगे जे वाजवून गेले होते ते न वाजविता दुसऱ्याच स्वरांनी पुढे निघून जातात.